हॉल्टिंगचे पैसे कसे सोडवायचे आणि लोड उचलायच्या आधी काय बघायचं

परवा सांगली फाट्यावर चहाला थांबलो होतो, तिथं एक पोरगा भेटला. पहिलीच गाडी, सेकंडहँड दहा चाकी, हप्ता चालू, आणि तोंड एवढंसं झालेलं. चाकणकडं एका कंपनीच्या गेटबाहेर अडीच दिवस उभा राहून आला होता, ब्रोकरकडं हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे, मागितलं तर तो म्हणाला आधी बोलला होतास का, आणि हा बोललाच नव्हता, त्यामुळं विषय तिथंच संपला. अडीच दिवसाचा एक रुपया मिळाला नाही. मला लई वाईट वाटलं, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीपण असाच फुकट उभा राहिलोय आणि तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. त्याला तासभर बसवून जे सांगितलं तेच इथं लिहितोय. मी शिरोलीत गाडी लावतो, चौदा वर्षं स्वतः चालवतोय, कास्टिंग (फाउंड्रीतला ओतीव माल), साखर, कधी गूळ, कधी इचलकरंजीचं कापड, त्यामुळं जे काय लिहिलंय ते कोल्हापूरच्या मालाचं आणि पुणे-बेंगळुरू हायवेचं आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. गाडी उभी असली तरी आपण कामावरच असतो. गेटबाहेर धड झोप लागत नाही कारण नंबर कधी पुकारतील सांगता येत नाही, लाईन सोडून जेवायला गेलं की मागचा पुढं जातो, ताडपत्रीवर लक्ष ठेवायचं, डिझेलच्या टाकीवर लक्ष ठेवायचं. हा वेळ पार्टीच्या, म्हणजे ज्याचा माल त्याच्या, कामासाठी चाललाय, मग त्याचे पैसे पार्टीनं द्यायला पाहिजेत. आणि ते मागायची तयारी गाडी भरायच्या आधी करायची असते, गाडी अडकल्यावर फोन करून उपयोग नसतोय.

तर पहिलं काम, वही घ्या आणि उभ्या गाडीचा एक दिवस केवढ्याला पडतोय ते काढा. माझा हिशोब देतो. हप्ता ४६,०००. विमा वर्षाचा ७२,००० म्हणजे महिन्याला ६,०००. ड्रायव्हरचा पगार १८,०००, स्वतः चालवत असला तरी हा आकडा धराच, आपली मेहनत काय फुकट नाही. टॅक्स, फिटनेस, परमिट, पीयूसी मिळून वर्षाला ३६,००० म्हणजे महिन्याला ३,०००. जीपीएस, पार्किंग, मोबाईल असं किरकोळ १,५००. बेरीज ७४,५००, तीसनं भागलं की २,४८३. म्हणजे चाक जागचं न हलता रोज अडीच हजार जातात. रस्त्यावर असताना जेवणखाणाचा भत्ता ५०० धरला की तीन हजार. यात नफा धरलेलाच नाही, टायर आणि मेंटेनन्स पण नाही. हा आपला रेट, याच्या खाली हॉल्टिंग घेतलं तर आपण पदरचे पैसे घालून पार्टीला गोडाऊन पुरवतोय असं समजा. मी हा कागद गाडीत ठेवलाय, कुणी विचारलं तीन हजार कुठनं काढले तर दाखवतो, आणि बऱ्याचदा समोरचा माणूस आकडे बघून शांतपणे बोलायला लागतो.

आता भाडं ठरवताना काय बोलायचं. कायद्यात हॉल्टिंगचा रेट कुठंच ठरवून दिलेला नाही. २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे, त्यात फॉरवर्डिंग नोट (माल पाठवणाऱ्यानं भरून द्यायचा कागद) आणि मालाची पावती याचं सांगितलंय, पण गाडी किती तास फुकट उभी राहायची हे आपलं आपण ठरवायचं असतंय. आणि जे लिहिलेलं नाही ते ठरलेलंच नाही असं धरून चाला. आपल्याकडं लोडिंगला एक दिवस आणि खाली करायला एक दिवस फुकट धरायची सवय लागलीय, कुणी लावली माहीत नाही पण ती चुकीची आहे. अमेरिकेत साधारण दोन तास फुकट धरतात आणि पुढं तासावर लावतात, तरी तिकडचे ड्रायव्हर पण हेच गाऱ्हाणं सांगतात, कारण त्यांना बहुतेक करून मैलावर पैसे मिळतात आणि ड्युटी सुरू झाली की १४ तासांच्या आतच ११ तास गाडी चालवायची मुभा असते, गेटवर गेलेला वेळ त्या १४ तासातनंच जातो. मी बारा तास फ्री धरतो. हळूहळू पार्ट्यांना सवय झालीय.

व्हॉट्सॲपवर मेसेज असा टाकायचा, लोड पक्का व्हायच्या आधी:

"शिरोली ते भोसरी, कास्टिंग १८ टन, भाडं १६,०००. गाडी गेटवर पोचल्याची वेळ हीच रिपोर्टिंग वेळ. लोडिंगला १२ तास आणि अनलोडिंगला १२ तास फ्री. पुढं दर २४ तासाला ३,०००, अर्ध्या दिवसाला १,५००. मधे सुट्टी आली तर तो दिवस पण धरला जाईल. वराई (हमाली) पार्टीकडं. हॉल्टिंग बॅलन्सबरोबर (उरलेल्या भाड्याबरोबर) द्यायचं. मान्य असेल तर ओके लिहा, मग गाडी लावतो."

शेवटची ओळ सोडू नका. ओके आल्याशिवाय गाडी लावू नका. ब्रोकर म्हणतो, "मामा तुम्ही लावा ओ गाडी, मी आहे की." तो असतो, पण पैसे द्यायच्या वेळेला फोन उचलत नाही. आपण शांतपणे म्हणायचं, दादा तू आहेस म्हणूनच लिही, तुला पण पार्टीकडं मागायला हाच मेसेज उपयोगी पडेल. हे खरं पण आहे, चांगला ब्रोकर मेसेज पुढं पार्टीला पाठवतो आणि तिथनं मान्यता आणतो. आणि बिल्टी (मालाची पावती) फाडताना त्या मेसेजमधली रिपोर्टिंगची आणि हॉल्टिंगची ओळ रिमार्कच्या जागी हातानं लिहून घ्या, चारी कॉपीवर. "सुट्टी आली तर तो दिवस पण धरला जाईल" हे नाही लिहिलं तर हमखास वाद होतो, त्यावर पुढं येतोच.

मंदीच्या दिवसात, म्हणजे लोड कमी आणि गाड्या जास्त असतात तेव्हा, सगळं मान्य होत नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा रेट कमी करा, १,५०० वर या, पण वेळेची ओळ ठेवा. रेट पुढं वाढवता येतो. वेळच लिहिलेली नसली तर मागायला जागाच राहत नाही.

आता पुरावा. हा भाग नीट वाचा, कारण पैसे इथंच बुडतात. कंपनीच्या गेटवरच्या रजिस्टरात कुठली वेळ लिहितात? गाडी आत घेतल्याची. आपण पोचलो पहाटे सहाला, आत घेतलं दुसऱ्या दिवशी रात्री नऊला, तर रजिस्टरात रात्री नऊच येणार आणि कंपनी म्हणणार की तुमची गाडी तर आमच्याकडं तीन तासच होती. ते खोटं बोलत नाहीत, त्यांचा कागद तसंच सांगतो. त्यामुळं पोचल्याची वेळ आपणच आपल्या बाजूनं पक्की करायची.

मला हे कसं समजलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या पुढं एका कारखान्यात कास्टिंग घेऊन गेलो होतो. मंगळवारी पहाटे पोचलो, बाहेर अकरा गाड्या उभ्या. सिक्युरिटीवाला म्हणाला आत जागा नाही, मालाचा इन्स्पेक्शनवाला आला की बघू. तो दिवस गेला, रात्र गेली, बुधवारी दुपारपर्यंत अकरा पैकी सहाच गाड्या आत गेल्या. एप्रिलचं ऊन, केबिनचा पत्रा हात लावू देत नव्हता, बाहेर ना पाणी ना संडास, अर्धा किलोमीटरवर एक टपरी, तिथं तो माणूस बाटलीभर पाणी द्यायचा. माझ्या पुढच्या गाडीतला कर्नाटकातला एक आण्णा, साठीला टेकलेला, त्याला साखरेचा त्रास, वेळेवर जेवण नाही म्हणून बुधवारी सकाळी त्याला गरगरायला लागलं, आम्ही दोघा-तिघांनी धरून सावलीला बसवलं, बिस्किट दिलं, मग बरं वाटलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या गाड्यांना केबिनमधे एसी सक्तीचा झालाय, चांगलं झालं, पण आपल्या रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना त्याचा काय उपयोग नाही आणि गेटवर इंजिन चालू ठेवून एसी लावायचं डिझेल पण शेवटी आपल्याच खिशातनं जाणार. असो. बुधवारी रात्री सव्वानऊला माझी गाडी आतल्या वजनकाट्यावर चढली.

पैसे मागितले तर अपेक्षेप्रमाणं उत्तर आलं, गाडी बुधवारी रात्री आली. पण त्या वेळी माझ्याकडं दोन गोष्टी होत्या. एक, खेड-शिवापूर टोलचा फास्टॅगचा मेसेज, मंगळवार पहाटे ४.२२. दुसरी, कारखान्याच्या अलीकडं एक धर्मकाटा होता तिथं मी सहज वजन करून घेतलं होतं कारण भरताना माल जास्त चढवलाय का अशी शंका होती. त्या पावतीवर गाडी नंबर, मंगळवार पहाटे ५.५०, वजन २७,९४०. आतल्या काट्याची पावती बुधवार रात्री ९.१५, वजन २७,९२०. तीच गाडी, तोच माल, दोन काट्यांत वीस किलोचा फरक, आणि मधले ३९ तास. बारा फ्री गेले, राहिले २७. मी एका दिवसाचे तीन हजार मागितले, वरचे तीन तास सोडून दिले. दोन्ही पावत्यांचा फोटो बघितल्यावर त्यांच्या डिस्पॅचच्या साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं की बिल पाठवा.

तेव्हापासनं मी न चुकता करतो ते असं. शेवटच्या टोलचा मेसेज आला की स्क्रीनशॉट, कारण मेसेज पुढं मागं डिलीट होतात. गेटच्या अलीकडं जो पब्लिक काटा असेल तिथं भरलेल्या गाडीचं वजन, जे काय थोडेफार पैसे लागतात ते लागू देत. गेटवर पोचल्यावर गाडीची नंबर प्लेट आणि कंपनीचा बोर्ड एका फोटोत येईल असा फोटो, लोकेशन आणि वेळ छापून येणाऱ्या कॅमेरा ॲपनं. आणि लगेच ब्रोकर, पार्टी आणि आपला मालक असला तर मालक, तिघांना मेसेज, "गाडी पोचली, अमुक वाजले, पुढं इतक्या गाड्या आहेत." गाडीत जीपीएस असेल तर त्याचा थांब्याचा रिपोर्ट पण निघतो. सिक्युरिटीवाल्याशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतंय, तो पण बारा तास उभाच असतोय. त्याला नमस्कार करून विचारा, टोकन देता का, नसेल तर वहीत माझी वेळ लिहून घेता का. कधी लिहितो कधी नाही. माल खाली झाल्यावर बिल्टीच्या मागं पीओडीचा, म्हणजे माल पोचल्याचा, शिक्का घेताना तिथंच "आगमन अमुक तारीख अमुक वेळ, खाली अमुक वेळ" असं लिहून त्यावर सही घ्या. सही देत नाहीत तर आपण लिहून फोटो काढा, पण शिक्क्याच्या आधी लिहा, नंतर लिहिलेलं कुणी मानत नाही. शिक्का घ्यायची घाई असते, घरी जायची घाई असते, त्या पाच मिनिटात तीन हजार जातात.

ई-वे बिलाचा (जीएसटीचा माल नेताना लागणारा ऑनलाईन कागद) या थांबण्याशी थेट संबंध आहे आणि बरेच ड्रायव्हर तिकडं बघतच नाहीत. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मुदत मिळते, आणि पहिला दिवस मोजतात तो बिल बनवल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. कोल्हापूर ते भोसरी २०० च्या वर जातंय म्हणजे दोन दिवस. आता बघा, मंगळवारी दुपारी फाउंड्रीच्या ऑफिसनं गाडी नंबर टाकून ई-वे बिल बनवलं, आणि गाडी भरली बुधवारी सकाळी, कारण फर्नेसला काहीतरी झालं किंवा क्रेनवाला नव्हता. मुदत संपते गुरुवारी मध्यरात्री. गुरुवारी भोसरीला सुट्टी. शुक्रवारी सकाळी तुम्ही मुदत संपलेल्या बिलावर गेटबाहेर उभे. कुणी तपासलं तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात आणि दंड कराच्या दुप्पट. म्हणून दोन गोष्टी. गाडी पूर्ण भरून काट्यावर वजन होईपर्यंत ई-वे बिलाच्या पार्ट बी मधे (गाडीच्या माहितीचा भाग) गाडी नंबर टाकू नका म्हणून ऑफिसात प्रेमानं सांगायचं, आणि मुदत संपत आली तर संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासापर्यंत ती वाढवता येते, म्हणजे या उदाहरणात गुरुवारी दुपारी चारपासून शुक्रवारी सकाळी आठपर्यंत. ट्रान्सपोर्टवाल्याला गुरुवारी संध्याकाळीच फोन करा. मोबाईलमधे अलार्म लावून ठेवा, मी लावतो.

आता लोड निवडायचं. आपण सगळे टनाचा रेट बघतो, आणि तिथंच फसतो. बघायचं असतंय ते दिवसाला हातात किती. गेल्या वर्षीचा माझाच हिशोब. चेन्नईचं भाडं ४८,०००, डिझेल, टोल, भत्ता, बाकीचा खर्च जाऊन हातात १५,०००. भरायला एक दिवस, रस्त्यात दोन, तिथं खाली व्हायला दोन, एकूण पाच. दिवसाला ३,०००, त्यातनं उभ्या गाडीचे अडीच हजार गेले, राहिले पाचशे. भोसरीचं भाडं १६,०००, सगळं जाऊन हातात ८,०००, दोन दिवसात मोकळा, दिवसाला ४,०००, राहिले दीड हजार. ऐकायला ४८,००० मोठं वाटतं पण भोसरी तिप्पट परवडलं. आणि आता त्याच भोसरीच्या खेपेत एक दिवस वाट बघत गेला असं धरा. भत्त्याचे ५०० गेले, हातात ७,५००, दिवस तीन, दिवसाला अडीच हजार. राहिले शून्य. फक्त एका दिवसात.

म्हणून लोड घेताना मी आता रेटच्या आधी चार प्रश्न विचारतो. माल तयार आहे का तयार होणार आहे? "तयार होणार आहे" म्हणजे अजून फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) चाललंय, इन्स्पेक्शन बाकी आहे, गाडी बोलवून ठेवतायत कारण त्यांना गाडी हुकायची भीती असते. अशा वेळी म्हणायचं, माल पॅलेटवर चढला की फोटो पाठवा, मी शिरोलीतच आहे, तासाभरात गाडी लावतो. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली फाउंड्री असली तरी तासाभराचंच अंतर आहे, आदल्या रात्री जाऊन उभं राहायची काय गरज नाही. दुसरा प्रश्न, तिकडं खाली करायला वेळ दिलेली आहे का, मोठ्या कंपन्यांत गाडीला वेळ ठरवून देतात, ती वेळ कितीची आहे ते विचारून मगच इथनं निघायचं. तिसरा, माल किती ठिकाणी द्यायचा, कारण दोन ठिकाणी द्यायचा असेल तर दोन लाईनी. चौथा, वजन नक्की किती. दहा चाकीला २०१८ पासून गाडीसकट २८.५ टन चालतात, त्याच्या वर "मामा दोन टन ॲडजस्ट करा की" म्हणाले तर नाही म्हणा, ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, तो कुठली पार्टी भरत नाही.

सुट्ट्यांचं गणित वेगळं लिहून ठेवा. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इकडं बऱ्याच कारखान्यांना सोमवारी सुट्टी. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडं गुरुवारी. म्हणजे बुधवारी संध्याकाळी इथनं भरून निघालात तर गुरुवारी सकाळी बंद गेटसमोर पोचता. मंगळवारी रात्री निघा किंवा सरळ गुरुवारी संध्याकाळी भरा. आणि परतीचा माल घेऊन सोमवारी कोल्हापुरात येऊ नका. हे एवढं एक पाळलं तरी महिन्यात दोन-तीन दिवस वाचतात.

महिनाअखेरीला सगळीकडं गर्दी असते. साखर कारखान्यांना केंद्र सरकार दर महिन्याला किती साखर विकायची त्याचा कोटा देतंय, त्यामुळं शेवटच्या आठवड्यात गोडाऊनवर गाड्यांची रांग लागते. मोठ्या गाडीचे २५ टन म्हणजे ५० किलोची ५०० पोती, हमालांची टोळी एकच, आणि तुमच्या पुढं आठ गाड्या असतील तर आज नंबर लागणारच नाही, तुम्हीच मोजून बघा. साखर घ्यायची तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, आणि डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायचा कागद) निघाली आहे का ते ब्रोकरकडनं फोटो मागवून बघितल्याशिवाय कारखान्याकडं वळू नका. मार्चअखेरचं तर सांगायलाच नको.

वराईबद्दल एकच. ज्याचा माल त्याचा हमाल, ही आपल्या लॉरीवाल्यांची जुनी मागणी आहे आणि बरोबर आहे. मेसेजमधे लिहा आणि तरी द्यायला लागली तर पावती किंवा निदान फोटो घेऊन बिलात लावा. हमालांशी वाद घालू नका, ते पण कष्टाचंच खातात.

परतीचं भाडं इथनं निघायच्या आधी बोलून ठेवा, पण पक्कं तारखेनं नको, "खाली झाल्यावर बारा तासात" असं बोला. पक्की तारीख दिली आणि गेटवर अडकलो तर तिकडचं पण भाडं जातं आणि तोंड पण जातं. बेंगळुरू बाजूला गेला असाल तर होस्पेट, कोप्पळकडनं आपल्या फाउंड्र्यांना पिग आयर्न (कच्चं लोखंड) येत असतंय, ते बघा. त्यात खाली करायला आपल्याच गावात यायचं, त्यामुळं वाट बघायला लागली तरी निदान घरचं जेवण मिळतंय.

पावसाळ्याचं आपल्याकडं खास आहे. ऑगस्ट २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि गाड्या कित्येक दिवस जागच्या जागी अडकल्या, जुलै २०२१ ला परत तेच. जुलै-ऑगस्टला निघताना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय लावा, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ च्या पुढं जाऊन पाणी चढतंच असेल तर पुण्याकडनं येणारी गाडी कराड, साताऱ्याकडंच चांगल्या धाब्यावर उभी करा, किणी टोलच्या पुढं येऊन रांगेत अडकू नका. आणि पुरात थांबलं तर पैसे कुणी द्यायचे हे जूनमधेच बोलून घ्या. मी निम्मं-निम्मं ठरवतो, पुराला पार्टी पण काय करणार.

बिल. हॉल्टिंगचं बिल भाड्याच्या बिलापासून वेगळं करा, नाहीतर हॉल्टिंगवर वाद झाला की भाड्याचा बॅलन्स पण अडकवून ठेवतात. गाडी खाली झाल्यावर तीन दिवसाच्या आत पाठवा. सोबत ओकेचा स्क्रीनशॉट, टोलचा मेसेज, दोन काटा पावत्या, गेटचा फोटो, पीओडीच्या मागची सही, सगळं एका पीडीएफमधे. दहा किंवा त्यापेक्षा कमी गाड्या असतील तर पॅन आणि तसं डिक्लरेशन द्या, टीडीएस कापला जात नाही.

आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आजच करून टाका, फुकट आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाईन होते. ट्रान्सपोर्ट हा सेवा उद्योग धरतात. छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसात आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यायला लागतात, २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे, पुढं गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पैसे अडले तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पण माल नेल्यानंतर नोंदणी केली तर अडचण येते, म्हणून आधीच करा. मी आजपर्यंत एकदाच तक्रारीपर्यंत गेलोय, बाकी वेळा बिलावर उद्यम नंबर छापलेला बघूनच अकाउंटवाले हलतात, कारण ४५ दिवसात पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च पैसे दिल्याच्या वर्षीच इन्कम टॅक्समधे दाखवता येतो, आणि हे त्यांच्या सीएनं त्यांना सांगितलेलं असतंय.

ज्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे त्या मालकांना हात जोडून एक सांगतो. हॉल्टिंग मिळालं की त्यातला वाटा ड्रायव्हरला द्या, आणि नाही मिळालं तरी थांबलेल्या दिवसाचा भत्ता द्या. खेपेवर पैसे मिळणारा ड्रायव्हर गेटवर दोन दिवस गेले की ते भरून काढायला रात्रभर गाडी मारतो. खंबाटकीत पहाटे तीन-चारला जे होतं ते तुम्ही पण बघितलंय. गाडी खाली झाली की त्याला आधी चार-सहा तास झोपू द्या, फोन करून कुठं पोचलास विचारू नका. माझ्या भाच्यानं दुसरी गाडी घेतली तेव्हा पहिली अट मी हीच घातली होती.

सांगली फाट्यावरच्या त्या पोराला मेसेज कॉपी करून दिला. परवा त्याचा फोटो आला, भोसरीच्या गेटबाहेरचा, नंबर प्लेट आणि बोर्ड एकाच फोटोत, खाली वेळ सकाळी ७.०५. ब्रोकरनं बाराच्या जागी अठरा तास फ्री मागितले होते, त्यानं ते कबूल केले, पण ओके लिहून घेतलं. वरचा मेसेज तुम्ही पण घ्या, रेट आणि तास तेवढे आपापले घाला.